सिक्कीमचा बिनशेपटीचा ससा

बंगळूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,००० फूट उंचीवर वसलेले आहे. तेथील हवा थंड म्हणून वाखाणली जाते. परंतु ज्या प्राण्याची खरी ओळख त्या शहरातील प्रयोगशाळेत पटली, त्याला तेथील उन्हाळा सोसवणार नाही. तो प्राणी म्हणजे सिक्कीमच्या उंच पहाडांतील पायका.

पायका दिसतो उंदरासारखा. मूठभर अंग, वाटोळे कान आणि शेपूट तर दिसतच नाही. कूळ मात्र सशाचे. वरच्या पटाशीच्या दातांमागे दातांची आणखी एक इवलीशी जोडी असते. उंदराच्या कुळात ती आढळत नाही. दरडी कोसळून साचलेल्या धोंड्यांच्या राशी हे अनेक जातींचे घर. फटीत शिरले की कोल्ह्या-गरुडांपासून अभय मिळते. दुपारी तेथे गारवा असतो आणि हिवाळ्यात वर बर्फाची दुलई पसरते. शीतनिद्रेची सोय निसर्गाने पायकाला दिलेली नाही. म्हणून काही जाती उन्हाळ्यातच गवत-फुले खुडून वाळवतात व त्यांच्या गंज्या रचतात. शेतकऱ्यानेही कौतुक करावे अशी ही बेगमी!

'सिकिमारिया' हे नाव ओल्डफील्ड थॉमस या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने १९२२ साली दिले. पुढे मात्र हा प्राणी मूपिन पायकाची केवळ उपजाती म्हणून गणला जाऊ लागला, कारण रूपात दोघे सारखेच. बंगळूरच्या नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेस या संस्थेतील निश्मा दहाल व उमा रामकृष्णन यांनी, इतर संशोधकांच्या साहाय्याने, पहाडांतून गोळा केलेल्या लेंड्यांतील आनुवंशिक द्रव्य तपासले. बंदूक नको, सापळा नको! २०१६ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, ही स्वतंत्र जात असून निकटच्या भाऊबंदांपासून ती सुमारे ८ ते १७ लाख वर्षांपूर्वी वेगळी झाली.

ओळख पटली, ती अवघड काळात. पायकाच्या शरीराचे नेहमीचे तापमान आणि प्राणघातक तापमान यांत अंतर थोडेच असते. सुमारे २५ अंश सेल्सिअस उष्णतेत काही तास सावलीविना कोंडला, तर अमेरिकन पायका दगावतो. बर्फाची दुलई विरळ झाली, तर उलट गारठाच खडकांत शिरतो. अमेरिकेच्या ग्रेट बेसिन प्रदेशातील कित्येक जुन्या ठिकाणी आता पायका आढळत नाही. सिक्कीममध्ये तर दोन उंच पहाडांच्या मध्ये खोल, उबदार दऱ्या आहेत. एक पहाड सोडून दुसरा गाठायचा, तर या इवल्या जिवाला प्रथम त्या उष्म्यातच उतरावे लागेल.