नव्या टाकीतले मासे का मरतात?

काच लखलखीत, पाणी नितळ, तरी आठवड्याभरात मासे मरतात. दोष बहुधा डोळ्यांना न दिसणाऱ्या अमोनियाचा असतो. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं यांतून तो तयार होतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच कमी घातक नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात नीट रुजायला सहसा ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर मासे मोजकेच, खाणं चिमूटभर. स्पंज नळाखाली धुऊ नये, क्लोरीननं जिवाणूच मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यात हलकेच पिळावा. भरायचं पाणीही क्लोरीन घालवलेलंच हवं. दर आठवड्याला सगळं पाणी बदलण्याचा उत्साह आवरावा, पाव भाग पुरे. गोल भांड्यातला गोल्डफिश मात्र दुकानदारानं कितीही गळ घातली तरी नको. तो चांगला वीतभर वाढतो.