मृत्युपत्र: आधी सातबारा, मग साक्षीदार

मृत्युपत्र वकिलाकडूनच लिहून घ्यावे, अशी कायद्याची सक्ती नाही. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 नुसार सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या माणसाने साध्या कागदावर मराठीत लिहून सही किंवा अंगठा केला आणि दोन साक्षीदारांनी त्याच्यासमोर सह्या केल्या, की ते चालते. मुद्रांक शुल्कही लागत नाही. तरीही 500 रुपयांचा स्टॅम्प आणि नोटरीचा शिक्का म्हणजे काम पक्के, असा समज गावोगाव आहे. साक्षीदारच नसतील, तर तो शिक्का काही कामाचा नाही. (मुस्लिमांना त्यांचा वैयक्तिक कायदा लागू असून वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापलीकडे मृत्युपत्र करता येत नाही.)

मग वकील हवा कशाला? आंबेगाव तालुक्यातील मंचर परिसरात याचे उत्तर बहुतेकदा सातबाऱ्यावर मिळते. जमीन वडिलोपार्जित असेल, तर हिंदू कुटुंबप्रमुखाला फक्त स्वतःच्या हिश्शाचे मृत्युपत्र करता येते. समजा पाच एकर एकत्र कुटुंबाची आहे आणि घरात नवरा-बायको, दोन मुलगे, एक मुलगी आहेत. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलगीही वाटेकरी असल्याने ढोबळ मानाने पाच वाटे पडतात. म्हणजे बापाला मृत्युपत्राने देता येईल ती एक एकर. पाचही एकर धाकट्याच्या नावे लिहून ठेवणारा बाप त्याला जमीन कमी आणि दावा जास्त देऊन जातो.

सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग 2’ (हस्तांतरावर निर्बंध असलेली जमीन) किंवा कुळकायद्याच्या शर्तीची नोंद असेल, तर आणखी जपावे लागते. डिंभे धरणग्रस्तांना पुनर्वसनात मिळालेल्या जमिनींवरच्या शर्ती म्हणूनच आधी वाचून घ्याव्यात. मुंबई कुळकायद्याच्या गुजरातमधील अंमलाबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये ठरवले, की शेतकरी नसलेल्याला कुळकायद्याच्या शर्तीची जमीन मृत्युपत्रानेही देता येत नाही. आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील आदिवासींना हिंदू उत्तराधिकार कायदा सरसकट लागू नाही, आणि त्यांच्या जमिनीच्या हस्तांतरावर महसूल संहितेचे वेगळे निर्बंध आहेत.

मसुद्यात गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा यांबरोबर सामाईक विहिरीतील पाण्याची पाळी, मोटारीचे वीजजोड आणि वहिवाटीची वाटही लिहावी. भाऊबंदकीतली भांडणे बहुधा इथूनच निघतात.

बँकेत किंवा म्युच्युअल फंडात नामनिर्देशित (नॉमिनी) म्हणून नाव लावले, की मृत्युपत्राची गरज संपते असे नाही. ‘कालनिर्णय’चे जयंत साळगावकर यांच्या मालमत्तेसंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये स्पष्ट केले, की नामनिर्देशित व्यक्ती त्यामुळे मालक होत नाही, मालकी उत्तराधिकाराच्या कायद्यानेच ठरते.

वाद कोर्टात गेला, तर किमान एका साक्षीदाराला साक्ष द्यावी लागते. म्हणून साक्षीदार आपल्याहून वयाने लहान, ओळखीचे, पण मृत्युपत्रातून काही न मिळणारे असावेत. ज्याला सगळे मिळणार त्यानेच मसुदा करवून घेतला, किंवा एखाद्या मुलाला कारण न देता वगळले, तर ती परिस्थिती संशयास्पद ठरू शकते, आणि संशय दूर करण्याचा भार मृत्युपत्र पुढे आणणाऱ्यावर असतो. त्याच दिवसाचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र आणि वगळण्याचे दोन ओळींचे कारण इथे उपयोगी पडते.

नोंदणी ऐच्छिक आहे, पण करावी. ती कोणत्याही दुय्यम निबंधक कार्यालयात होते. तिने मृत्युपत्र आपोआप खरे ठरत नाही, फक्त नंतर ‘हे झालेच नव्हते’ म्हणणे अवघड जाते. हयातीत ते कितीदाही बदलता येते. नव्यात जुने रद्द केल्याचे लिहावे. मृत्यूनंतर तलाठ्याकडे फेरफारासाठी अर्ज करायचा असतो. त्यावर हरकत आली, तर मालकीचा निकाल अखेर दिवाणी न्यायालयच देते. मंचरकरांसाठी तो रस्ता तालुक्याच्या ठिकाणी, घोडेगावला जातो.

वकिलाची फी परवडत नसेल, तर विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि ठरावीक मर्यादेच्या आतील उत्पन्नाचे लोक मोफत साहाय्याला पात्र आहेत. चौकशीसाठी राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक 15100 आहे.