तिरकी रेघ, उभी रेघ

11व्या गुणसूत्राची फाइल पडद्यावर उघडली की ओळीमागून ओळ ‘0/1’ दिसत राहतं. या जागी दोन प्रतींपैकी एकीत बदल आहे, एवढाच त्याचा अर्थ. ती प्रत आईकडची की वडिलांकडची, ते कळत नाही. फेजिंग झालं की तिरकी रेघ उभी होते, ‘0|1’. आता डावीकडचे आकडे एका प्रतीचे, उजवीकडचे दुसरीचे. या उभ्या रेघेवर किती विसंबायचं, ते तपासणं हे माझं काम.

बीटा-ग्लोबिनचं जनुक याच गुणसूत्रावर आहे. त्यातले दोन गंभीर बिघाड एकाच प्रतीत असले तर दुसरी शाबूत राहते आणि माणूस थॅलेसेमियाचा फक्त वाहक असतो. प्रत्येक प्रतीत एकेक असला तर आजार. जीनोटाइप, म्हणजे फाइलमधले ‘0/1’, मात्र दोघांचा सारखाच.

‘0/1’ अशा 10 जागा असल्या तर प्रतींच्या 512 जोड्या शक्य. 20 असल्या तर पाच लाखांवर. अँड्र्यू क्लार्क यांनी 1990 मध्ये वाट काढली: ज्यांच्यात फार तर एकच जागा ‘0/1’ आहे त्यांचे हॅप्लोटाइप, म्हणजे एकेका प्रतीवरचे आकडे, निश्चित असतात, त्यांच्या आधारे इतरांचे उलगडायचे. 2001 मध्ये स्टीफन्स, स्मिथ आणि डोनेली यांच्या ‘फेज’ या प्रोग्रामने हुबेहूब जुळणीचा हट्ट सोडला, नवे हॅप्लोटाइप जुन्यांतूनच निपजतात, म्हणून मिळताजुळताही चालेल. बीगल, शेपइट, ईगल हे आजचे प्रोग्राम त्याच वाटेचे. प्रत्येकाचा हॅप्लोटाइप ही इतरांच्या तुकड्यांची गोधडी.

ताळा करायला मी आई, वडील, मूल अशी त्रिकुटं घेते. मुलाचं फेजिंग स्वतंत्रपणे करून आईवडिलांशी ताडते. लांबच लांब पट्टा बिनचूक निघतो आणि एका जागी प्रतींची अदलाबदल होते. तिथून आईचं ते सगळं वडिलांच्या नावावर. ही स्विच एरर. तिघंही ‘0/1’ असतील तिथे त्रिकुटाचाही उपयोग नाही. एकाच माणसात दिसलेला बदल तर इतरांच्या तुकड्यांवरून भरवशाने लावता येत नाही, आणि निदानाला पुष्कळदा असेच दुर्मीळ बदल हवे असतात. याची मला काळजी वाटते.

तुकडे जवळच्या माणसांचे असले तर चुका कमी होतात. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘1000 जीनोम्स’ या प्रकल्पाच्या अंतिम संचात 2504 जण आहेत. त्यात दक्षिण आशियाचे गट पाच: ह्यूस्टनमधले गुजराती, लाहोरचे पंजाबी, बांगलादेशचे बंगाली, ब्रिटनमधले तेलुगू आणि श्रीलंकन तमिळ. मराठी गट नाही. जानेवारी 2025 मध्ये ‘जीनोमइंडिया’ प्रकल्पाने सुमारे 10,000 भारतीयांची माहिती संशोधकांना उपलब्ध केली. इथल्या रुग्णांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळांनी ती मागून घ्यावी आणि वापरावी.