भरतीला टेकायची जागा

काळ्या शेपटीचे पाणटिवळे मोजायला निघायचं तर आधी तिथी बघावी लागते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, हा हिशेब आपल्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. भरतीच्या वेळा सांगणारी ॲप आता सगळ्यांकडे आहेत. पण नवी मुंबईच्या करावे गावातले एक काका, ज्यांची हयात ठाणे खाडीत जाळी टाकण्यात गेली, ते मला फोनवर आजही एवढंच सांगतात, "उद्या तेरस हाय. पावणेदहाला पाणी भरंल. तुम्ही सातलाच या." तेरा पाऊणे पावणेदहा. मोजणीच्या कामासाठी याच्याइतकी सोयीची तिथी दुसरी नाही. उधाण जवळ आलेलं असतं, म्हणजे खाडीतला सगळा चिखल पाण्याखाली जाणार. शिवाय वेळ सकाळची, म्हणजे सूर्य पाठीशी राहणार.

अष्टमीच्या आसपास गेलात तर फसगत होते. तेव्हा भांगाचं पाणी असतं, भरती पुरती चढत नाही, चिखलाच्या काही पट्ट्या उघड्याच राहतात आणि पक्षी खाडीतच थांबतात. काठावरच्या तळ्यात तुम्हाला चार शेकाटे आणि एखादी टिटवी दिसेल. हा तपशील लक्षात ठेवा, कारण पुढे सगळं त्यावरच येऊन ठेपणार आहे.

आमची मोजणीची जागा पाम बीच रस्त्याच्या पलीकडे, टी. एस. चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेच्या मागे आहे. खाडी आणि वस्ती यांच्यामध्ये तिवरांचा पट्टा, आणि त्याला लागून उथळ, खारट पाण्याची मोकळी जागा. सकाळी सातला इथे फार काही नसतं. पक्षी त्या वेळी तिवरांपलीकडे, ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलावर चरत असतात. पाणी चढू लागतं तसा चिखल अरुंद होत जातो आणि पूर्ण भरतीच्या दोन-अडीच तास आधी पहिले थवे तिवरांवरून आत येऊ लागतात.

आधी येतात ते लहान चिखले आणि टिलवे. त्यांचे पाय आखूड, त्यामुळे त्यांना चिखल सगळ्यांत आधी सोडावा लागतो. पाणटिवळ्याचे पाय लांब. तो पोटाला पाणी लागेपर्यंत खाडीत टिकून राहतो आणि मग एकदम मोठ्या थव्याने उठतो. उडताना त्याची ओळख चुकणं शक्य नाही. पंखांवर रुंद पांढरा पट्टा, पांढरी कंबर, शेपटीच्या टोकाला काळी पट्टी आणि शेपटीच्याही मागे निघालेले पाय. तळ्यावर एक-दोन फेऱ्या मारून थवा उतरतो, वाऱ्याकडे तोंड करतो, थोडी ढकलाढकली होते आणि पायांच्या लांबीप्रमाणे सगळे आपापल्या खोलीच्या पाण्यात उभे राहतात. टिलवे अगदी कडेला ओल्या चिखलावर, तुतारी आणि चिखले त्यांच्या पुढे, पाणटिवळे वीतभरापेक्षा कमी पाण्यात, उचाटे आणि शेकाटे त्याहून आत. मग एकेकाची चोच पाठीच्या पिसांत जाते, एक पाय वर घेतला जातो, आणि तीन-चार तास हे असंच.

या तीन-चार तासांत मोजायचं. स्कोप तिपाईवर लावायचा, एका टोकाने सुरुवात करायची. आधी दहा पक्षी नीट मोजून घ्यायचे, दहांचा घास डोळ्यांत बसला की मग पन्नासांचे गट. एका हातात क्लिकर. दोघांनी स्वतंत्र मोजायचं आणि आकडे शेवटी जुळवून पाहायचे. फार फरक पडला तर पुन्हा पहिल्यापासून. उन्हं वर चढली की पाण्यावर हवा थरथरू लागते आणि लांबचे पक्षी वितळल्यासारखे दिसतात. त्याआधी काम आटोपलं पाहिजे. मध्येच दलदली भोवत्या तळ्यावरून गेला की सगळा थवा उठतो आणि निम्मी मोजणी वाया जाते. त्याचं वाईट वाटत नाही, शिकार हा त्याचा हक्क आहे. वाईट वाटतं ते मोकाट कुत्र्यांमुळे आणि कुणीतरी हौसेने सोडलेल्या ड्रोनमुळे थवा उठतो तेव्हा. एकदा उठलेला थवा कधी कधी दहा-दहा मिनिटं घिरट्या घालतो. ही उडण्याची मेहनत साठवलेल्या चरबीतून वजा होते.

आणि ती चरबी कशासाठी साठवलेली असते, हे कळलं की त्या दहा मिनिटांची किंमत कळते.

पाणटिवळा आपल्याकडे ऑगस्ट-सप्टेंबरपासून येतो. वजनाने अडीचशे-तीनशे ग्रॅम, रंगाने करडा-तपकिरी, सहज नजरेत न भरणारा. पाठोपाठ येणारे रोहित पक्षी सगळ्यांना दिसतात, वर्तमानपत्रांत त्यांचे फोटो येतात, याच्याकडे कुणी वळून पाहत नाही. आल्यावर प्रौढ पक्षी उडायची पिसं बदलतात. प्रवासात झिजलेली एकेक गळून नवी येतात. हे काम महिनोन्‌महिने चालतं आणि त्याला भरपूर खाणं लागतं. मार्चपासून मानेवर आणि छातीवर विटकरी रंग चढायला लागतो, कातडीखाली चरबी जमते, उड्डाणाचे स्नायू भरतात. एप्रिल-मेमध्ये थवे उत्तरेला निघतात. मध्य आशियाचा हवाई मार्ग धरून रशिया-कझाकस्तानच्या ओल्या गवताळ प्रदेशांपर्यंत त्यांचा पल्ला असतो. तिथे गवतात जमिनीवरच खळगा करून चार अंडी घालायची, नर-मादी दोघांनी मिळून तीन आठवड्यांहून थोडं जास्त ती उबवायची. पिल्लं जन्मल्यापासून स्वतःच किडे टिपत हिंडतात. उडायला लागली की आई-बापांनंतर आपलं आपण दक्षिणेला निघतात, वाट दाखवायला कुणी सोबत असेलच असं नाही.

या पक्ष्यांच्या वेळेच्या नेमकेपणाचं एक उदाहरण मला फार विलक्षण वाटतं. आइसलँडमध्ये वीण करणाऱ्या पाणटिवळ्यांच्या पायांत रंगीत कडी घालून अभ्यास झाला, तो 2004 साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. हिवाळ्यात एकमेकांपासून सुमारे हजार किलोमीटर दूर राहिलेले जोडीदार वसंतात विणीच्या जागी परतले, तेव्हा त्यांच्या येण्यात सरासरी तीनच दिवसांचं अंतर होतं. हिवाळाभर भेट नाही आणि तरी मुहूर्त चुकत नाही! याचाच जवळचा नातलग, पट्टेरी शेपटीचा पाणटिवळा, त्याने तर 2022 च्या ऑक्टोबरमध्ये अलास्काहून टास्मानियापर्यंत सुमारे 13,560 किलोमीटर अंतर अकरा दिवसांत एकदाही न उतरता कापलं. पाठीवरच्या उपग्रह-टॅगमुळे ते नोंदलं गेलं. तो पक्षी तेव्हा अवघ्या पाच महिन्यांचा होता.

आपल्या पाणटिवळ्यांचा प्रवास टप्प्याटप्प्यांचा असला तरी त्याचं इंधन ठाणे खाडीच्या चिखलातूनच भरलं जातं. ते कसं, हे पाहायचं तर ओहोटी लागल्यावर थोडं थांबावं. एका फेब्रुवारीत तळ्यातून खाडीकडे निघालेल्या थव्यातली एक मादी वाटेत, तिवरांच्या अलीकडच्या चिखलावर उतरली आणि स्कोपमध्ये अगदी पूर्ण भरून दिसली. मादी म्हणजे आकाराने मोठी आणि चोचही नरापेक्षा लांब. मुळाशी गुलाबी आणि टोकाकडे काळी होत गेलेली सरळ चोच तिने चिखलात खुपसली, थेट कपाळ टेकेपर्यंत. मग थांबली. चोचीच्या टोकात मज्जातंतूंचं दाट जाळं असतं, गाळातली बारीकशी हालचालही त्याला जाणवते. बाकीची चोच गाळात मिटलेलीच ठेवून फक्त वरच्या जबड्याचं टोक तेवढं उचलता येतं, त्यामुळे खाली खोलवर चिमटा उघडतो आणि तोंडात चिखल जात नाही. मान एकदा किंचित फिरली, चोच हळूहळू वर आली आणि टोकाला तांबूस किडा लोंबत होता. तो तुटू न देता तिने बाहेर ओढला, शेजारच्या डबक्यात खळबळला आणि गिळला. लगेच पुढचं पाऊल, पुढचा वेध. ओहोटीच्या प्रत्येक तासाला हे चालू असतं, रात्रीसुद्धा. कारण पाणटिवळ्याचं घड्याळ समुद्राच्या हातात आहे. चोवीस तासांत दोनदा ताट वाढलं जातं आणि दोनदा पाण्याखाली जातं.

ताट पाण्याखाली गेलं की करायचं काय? पाणटिवळ्याला बदकासारखं पाण्यावर तरंगत भरती काढता येत नाही. छोटे कोरल तिवरांच्या शेंड्यांवर जाऊन बसतात, पण पाणटिवळ्याला चहूबाजूंनी नजर पोचेल अशी उघडी जागा, पायांना झेपेल एवढं पाणी आणि चरण्याच्या चिखलापासून थोडक्या अंतरावरचं ठिकाण, असं तिन्ही लागतं. म्हणजे टी. एस. चाणक्यमागची पाणथळ, एनआरआय वसाहतीजवळची, भांडुपच्या उदंचन केंद्राची, उरणकडची पाणजे, भेंडखळ, बेलपाडा. किंवा जुनी मिठागरं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी या जागांना खाडीची पूरक पाणथळं मानून त्या सांभाळायला सांगितलं आहे. 1883 पासून या किनाऱ्याच्या पक्ष्यांची दप्तरं ठेवणाऱ्या संस्थेचं हे म्हणणं आहे.

आता कागदावर काय आहे ते पाहा. ठाणे खाडीला 2015 मध्ये रोहित पक्ष्यांचं अभयारण्य म्हणून दर्जा मिळाला, 2022 मध्ये ती रामसर स्थळ झाली. 6,521 हेक्टर, जगाच्या नकाशावर नाव. फार चांगली गोष्ट झाली. पण भरतीच्या वेळची टेकायची तळी बहुतेक या रेषेच्या बाहेर पडतात. पाणथळांविषयीचे 2017 चे केंद्राचे नियम मिठासाठी बांधलेल्या रचनांना पाणथळ मानतच नाहीत. त्यामुळे पाणटिवळ्याचं ताट राखलं गेलं आणि त्याचं अंथरूण मात्र विकाऊ जमीन राहिली. उरणच्या बाजूला भराव पडले, उघाड्या आणि पाण्याच्या वाटा बुजल्या, तळी कोरडी पडली. कोरड्या तळ्याकडे बोट दाखवून इथे पाणथळ नाहीच असं म्हणणं मग सोपं होतं. काही ठिकाणी उलटंच होतं, मोकळ्या चिखलावर तिवरं पसरतात. तिवर वाढलं की आपण आनंद मानतो, पण पाणटिवळ्याच्या दृष्टीने चरायची जागा तेवढी कमी झाली.

माझा खरा राग मात्र एका साध्या गोष्टीवर आहे. अशा जागांची पाहणी होते ती कचेरीच्या वेळेत, सोयीच्या दिवशी. तेव्हा ओहोटी असेल तर तळ्यात पक्षी नसणारच, ते खाडीत जेवायला गेलेले असतात. रिकाम्या तळ्याचे फोटो निघतात, अहवालात "पक्ष्यांचा विशेष वावर आढळला नाही" असं लिहिलं जातं, आणि ते वाक्य वर्षानुवर्षं प्रत्येक फाइलमध्ये फिरत राहतं. असा एक अहवाल माझ्याही हाती आला होता. त्यातली तारीख घेऊन मी काकांना तिथी विचारली. त्यांनी पंचांग पाहिलं आणि म्हणाले, "आठम व्हती. आठमीला दुपारी खाडीत चिखल उघडाच असतंय, पाखरू इथं कशाला येल?" आठ पाऊणे सहा. भरती सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाच्या पुढे, आणि पाहणी दुपारी बाराला.

तळं बुजवलं म्हणून पाणटिवळे मुंबई सोडून जातात असं नाही. हे पक्षी वीस वर्षांहून जास्त जगल्याच्या नोंदी आहेत आणि दर हिवाळ्यात ते ओळखीच्या जागीच परततात. जागा नसेल तर जवळची दुसरी मोकळी, सपाट जागा शोधतात. नवी मुंबईच्या नव्या विमानतळाची धावपट्टीही मोकळी आणि सपाटच असते, हे पक्ष्यांच्या बाजूने नको तर विमानांच्या बाजूने तरी लक्षात घ्यायला हवं. संख्येचा भरवसा धरायचीही ही वेळ नाही. जागतिक लाल यादीत हा पक्षी संकटसमीप गणला जातो. नेदरलँड्सने 2015 मध्ये ज्याला राष्ट्रीय पक्षी म्हणून निवडलं तो हाच. त्याच देशात साठ वर्षांपूर्वी लाखाहून अधिक जोड्या होत्या, आता तीसेक हजार उरल्या आहेत. विणीच्या गवताळ कुरणांत तिथे जे घडलं, ते आपल्याकडे मुक्कामाच्या तळ्यांत घडू नये.

म्हणून मागणी अगदी छोटी आहे. खाडीकाठच्या कुठल्याही पाणथळीची सरकारी पाहणी उधाणाच्या दिवशी, पूर्ण भरतीच्या आगेमागे दोन तासांत झाली पाहिजे, आणि अहवालात तारखेबरोबर भरतीची वेळ लिहिलेली असली पाहिजे. त्याशिवाय केलेली नोंद ग्राह्य धरू नये. नेरूळ, सीवूड्स, भांडुप, उरण इथे राहणाऱ्या वाचकांनीही एवढं करावं. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, 1987 पासून ती चालत आली आहे, तिच्यात सामील व्हावं. एरवीही पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास घराजवळच्या तळ्यावर जाऊन फोटो काढावा, त्यावर तारीख आणि वेळ नोंदवावी. एखाद्या पक्ष्याच्या पायात कडं किंवा रंगीत फ्लॅग दिसला तर कोणत्या पायात, रंगांचा क्रम वरून खाली कसा, अक्षरं-आकडे कोणते, हे लिहून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवावं. कुत्रं बरोबर असेल तर ते साखळीला बांधलेलं असावं, आणि ड्रोन घरी ठेवावा.