मध्ये तार नसलेली थेट तार

धुळे-चाळीसगाव हा रेल्वेचा फाटा १९०० साली सुरू झाला. पुढे अनेक वर्षे धुळ्याहून आलेले काही डबे चाळीसगावला मुंबईच्या गाडीला जोडले जात. प्रवाशाला जागेवरून उठावे लागत नसे. त्याच्यापुरती ती धुळे-मुंबई थेट गाडीच असे. रुळांवर मात्र तशी स्वतंत्र गाडी नसे.

संगणकांच्या जाळ्यातील अशा जोडणीला आभासी मंडल किंवा व्हर्च्युअल सर्किट म्हणतात. समजा, एका बँकेला जळगाव व धुळे येथील शाखा जणू एकाच तारेने जोडून हव्या आहेत. सुमारे ९० किलोमीटर स्वतंत्र केबल टाकणे तिला परवडणारे नाही. मग दूरसंचार कंपनीच्या सामाईक जाळ्यातूनच ती 'तार' मिळते.

कंपनीचा अभियंता त्यासाठी काहीही ओढत नाही; दोन टोकांच्या राउटरांत, म्हणजे माहितीची वाट ठरवणाऱ्या यंत्रांत, नोंदी करतो. जळगावात नोंद होते : या पोर्टवर आलेले पाकीट धुळ्याच्या राउटरकडे, मंडल क्रमांक १०१. धुळ्यात याच्या उलट नोंद, क्रमांक मात्र तोच. मग धुळ्याचा राउटर जळगावला कळवतो, 'या मंडलाच्या पाकिटावर ५८ लिहून पाठव.' ही आतली चिठ्ठी. तिच्यावर प्रवासापुरती बाहेरची चिठ्ठी लागते. जळगावने २२० लावली. एरंडोलने आपला तक्ता पाहून तिच्या जागी ३१५ लावली. पारोळ्याने बाहेरची चिठ्ठी काढूनच टाकली. धुळ्याने ५८ वाचले आणि पाकीट बँकेच्या पोर्टवर सोडले. (आकडे व मधली ठाणी उदाहरणापुरती.)

एमपीएलएस या पद्धतीत चिठ्ठी २० बिटांची असते, म्हणजे आकडे १०,४८,५७६. मोठ्या जाळ्याला एवढे कसे पुरतात, हे वर्गात जरूर विचारावे. प्रत्येक आकड्याचा अर्थ त्या त्या राउटरापुरताच असतो. एरंडोलचा २२० आणि नागपूरचा २२० यांचे नाते, दोन शाळांच्या हजेरीपटांवरील २२ नंबरच्या मुलांइतकेच!

दोन्ही टोकांच्या नोंदी जुळाव्याच लागतात. पाकिटाची कमाल लांबी एकीकडे १५०० बाइट व दुसरीकडे ९००० असेल, तर नियमानुसार मंडल सुरूच होत नाही. ते बरेच आहे. नाहीतर लहान पाकिटे पोचली असती, मोठी गळाली असती आणि दोष शोधता शोधता पुरेवाट झाली असती.

या सोयीत एक मेख आहे. मधल्या राउटरांना बँक ठाऊक नसते आणि बँकेला वाट. चिठ्ठी म्हणजे कुलूपही नव्हे. मजकूर गुप्त राखायचा तर तो बँकेनेच सांकेतिक करून पाठवावा लागतो. शिवाय खबरदारी म्हणून घेतलेले दुसरे मंडलही त्याच महामार्गाकडेच्या त्याच केबलमधून जात असू शकते. कागदावर मंडले दोन, पण खोदाई यंत्राचा एक फटका दोन्ही तोडतो. म्हणून दुसरे मंडल घेताना ते पारोळ्यावरून जाते की पाचोरा-चाळीसगावमार्गे, हे कंपनीकडून लेखी घ्यावे. इमारतीत शिरणाऱ्या शेवटच्या काही मीटरांचीही चौकशी करावी. वेगळ्या वाटांनी आलेल्या केबली पुष्कळदा तेथे एकाच नळीत शिरतात.