कर्ण्यातून न आलेला खर्ज

आमच्या तळा गावात लग्न असो, पूजा असो की गणपती, गाणं यायचं ते कर्ण्यातून. उंच जागी बांधलेला तो पत्र्याचा कर्णा तळगडाच्या पायथ्यापर्यंत आवाज पोचवायचा, पण त्याला खर्ज नव्हता. बास गिटारची सगळ्यांत जाड तार सेकंदाला ४१ वेळा कंप पावते, आणि काही शे कंपनांच्या खालचं कर्ण्यातून जवळजवळ काहीच बाहेर पडत नाही. म्हणजे राहुलदेव बर्मन यांची गाणी आम्ही वर्षानुवर्षं अर्धीच ऐकली. पुढे चाकरमानी गणपतीला येताना लाकडी पेट्यांचे मोठे स्पीकर घेऊन आले. पाठ असलेल्या गाण्यात कुणीतरी खालून चालत येतंय, असं त्या वर्षी पहिल्यांदा वाटलं. तो बास गिटारवाला होता. इतकी वर्षं तो तिथंच होता.

जुन्या, दुर्मीळ इलेक्ट्रिक बास गिटारींचा संग्रह हा जगभरातला मोठा नाद आहे. त्याचा हा आढावा घेताना माझं लक्ष सारखं मुंबईकडे जातं, ते त्या न ऐकलेल्या वादकामुळे.

हे वाद्य तसं तरुण आहे. अमेरिकेत सिॲटलमध्ये पॉल टटमार्क या हवाईयन गिटार शिकवणाऱ्या माणसाने १९३०च्या दशकात ‘ऑडिओव्हॉक्स ७३६’ नावाची पडद्यांची विजेवरची बास बनवली. ती चालली नाही. तिचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके नग आज शिल्लक आहेत. खरी सुरुवात १९५१ची. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून वर आलेल्या लिओ फेंडरने कॅलिफोर्नियातल्या फुलरटन गावी ‘प्रिसिजन बास’ काढली. त्याआधी बासवाला म्हणजे माणसाएवढ्या उंचीचा डबल बास घेऊन कोपऱ्यात उभा राहणारा माणूस. त्याच्या दांडीवर पडदे नाहीत, स्वर कानाने शोधायचा. फेंडरने पडदे बसवले, स्वर नेमका लागू लागला, म्हणून नाव प्रिसिजन. तारांचं मिळवणं डबल बासचंच राहिलं, वाद्य मात्र खांद्याला अडकवून बसमध्ये चढता येईल एवढं झालं. १९६०मध्ये त्याच कारखान्यातून ‘जॅझ बास’ आली. जर्मनीत त्याच्या आधीच, १९५५-५६च्या सुमारास, हॉफनर कंपनीने व्हायोलिनच्या आकाराची पोकळ ‘५००/१’ बनवली होती. पॉल मॅकार्टनीमुळे पुढे तिची ओळख साऱ्या जगाला झाली.

फेंडरने जानेवारी १९६५मध्ये कंपनी सीबीएस या बड्या कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली. संग्राहकांच्या बोलण्यात ही तारीख सारखी येते. त्याआधीची वाद्यं वेगळी आणि नंतरची वेगळी, असं ते मानतात, आणि किमतीही त्याच रेषेवर बदलतात. सगळा फरक त्याच महिन्यात पडला असं मी मानत नाही; कारागीर काही एका रात्रीत बदलत नाहीत. पण बाजाराने रेघ ओढली ती ओढली.

जुनेपण ओळखायचं कसं, हा या नादातला सगळ्यांत रंगणारा भाग. वाद्य मागून पुढून पाहून भागत नाही, ते उघडावं लागतं. दांडी जिथे धडाला स्क्रूंनी जोडतात तिथे आतल्या टोकावर अनेकदा पेन्सिलीने किंवा शिक्क्याने तारीख असते. आवाज कमीजास्त करायच्या बटणाखालच्या पॉटवर आकडे कोरलेले असतात. समजा १३७६५४२ दिसलं. १३७ म्हणजे सीटीएस ही पॉट बनवणारी कंपनी, ६५ म्हणजे १९६५ आणि ४२ म्हणजे त्या वर्षाचा बेचाळिसावा आठवडा. इथे घाईने निष्कर्ष काढणारा फसतो. ती तारीख पॉटची, वाद्याची नव्हे. फेंडरकडे १९६६च्या पॉटचा मोठा साठा होता आणि तो पुढची काही वर्षं वापरला गेला. म्हणून आकडा एवढंच सांगतो, की वाद्य याच्या आधीचं नाही. डाख मूळचा आहे की कुणी पुन्हा दिलाय, हे जाणकार डोळा सांगतो. रंगाचं खरंखोटं अतिनील दिव्याखाली कळतं: जुनं लॅकर पिवळसर हिरवं चमकतं, नंतरचा हात काळपट दिसतो. मूळ रंग काढून नवा दिलेल्या वाद्याची किंमत साधारण निम्म्यावर येते, असं व्यापारी धरतात.

दांडीवरच्या गडद पट्टीच्या लाकडात तर आपलाच सह्याद्री आहे. फेंडरने १९५९पासून या पट्टीला ब्राझीलचा रोझवूड वापरला, आणि साठच्या दशकाच्या मध्यानंतर भारतीय रोझवूड. भारतीय रोझवूड म्हणजे आपला शिसव. आपल्या जुन्या वाड्यांतल्या पलंगांचं आणि पेट्यांचं लाकूड परदेशात गिटारवर बसलं. १९९२पासून ब्राझीलच्या रोझवूडचा आंतरराष्ट्रीय व्यापार कागदपत्रांशिवाय करता येत नाही, त्यामुळे त्या लाकडाची जुनी बास देशाबाहेरून आणणाऱ्याने आधी परवान्याचं पाहावं.

मूळपणाचा हा आग्रह मला पटतो, पण अर्धाच. बासवादक जॅको पास्टोरियसचं उदाहरण घ्या. त्याच्या १९६२च्या जॅझ बासचे पडदे उपटलेले होते, खाचा बुजवलेल्या होत्या आणि पट्टीवर बोटीला लावायचा इपॉक्सी चढवलेला होता. तसलाच इपॉक्सी आमच्या खाडीवरचे लोक होडीची गळती थांबवायला वापरतात. दुकानदाराच्या नियमाने ते वाद्य भंगार ठरतं. प्रत्यक्षात बास गिटारच्या इतिहासात त्याच्याइतकं मोलाचं वाद्य क्वचितच सापडेल. १९८६मध्ये न्यूयॉर्कच्या एका बागेतून ते चोरीला गेलं आणि सुमारे वीस वर्षांनी पुन्हा दिसलं. मॅकार्टनीची १९६१मध्ये हॅम्बुर्गला घेतलेली हॉफनर १९७२मध्ये लंडनमध्ये गाडीतून चोरीला गेली होती. ती एका घराच्या पोटमाळ्यावर सापडली आणि २०२४च्या फेब्रुवारीत ती परत मिळाल्याचं जाहीर झालं. मोटाउन या अमेरिकी तबकडी कंपनीचा बासवादक जेम्स जेमर्सन याची १९६२ची प्रिसिजन मात्र त्याच्या १९८३मधल्या मृत्यूच्या थोडं आधी गेली ती गेलीच. या तिन्ही वाद्यांचं मोल लाकडात नाही. कुणी वाजवलं आणि काय वाजवलं, हे ठाऊक आहे म्हणून ती अनमोल आहेत.

आपल्याकडे नेमकं हेच ठाऊक नाही. मुंबईच्या चित्रपटसंगीतात आधी डबल बास होता, साठच्या दशकात इलेक्ट्रिक बास आली आणि सत्तरच्या दशकात राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात ती गाण्याचा कणा झाली. टोनी वाझ त्यांचे बासवादक. ताडदेवचं फिल्म सेंटर, महालक्ष्मीचं फेमस, वांद्र्याचं मेहबूब, अशा ठिकाणी सगळा वृंद एकत्र बसून ध्वनिमुद्रण व्हायचं. तबकडीवर संगीतकार, गीतकार, गायक यांची नावं यायची, वादकांची नाही. या वादकांत गोव्याची माणसं पुष्कळ. ग्रेगरी बूथ यांनी मुलाखती घेऊन २००८मध्ये या वादकांवर इंग्रजीत पुस्तक केलं, म्हणून निदान माणसं तरी कागदावर आली. वाद्यं अजून आलेली नाहीत. आयातीवर निर्बंध आणि जबर जकात असलेल्या त्या काळात परदेशी बास मिळवणं हीच मोठी गोष्ट होती. कोलकात्याची गिवसन घेऊन कित्येकांनी काम भागवलं. त्या गिवसनलाही आज कुणी जपत नाही, आणि ते मला फार चुकीचं वाटतं.

चरणजितसिंग यांची गोष्ट याच वळणावरची. मुंबईच्या स्टुडिओत गिटार आणि बास वाजवणाऱ्या या माणसाने १९८२मध्ये रोलंड कंपनीची टीबी-३०३ ही पेटी वापरून ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी ध्वनिमुद्रित केली. टीबी-३०३ बनवली होती बासवादकाची जागा घ्यायला. ती त्या कामी फसली, सुमारे दहा हजार नग निघून बंद पडली. पुढे १९८७मध्ये शिकागोत तिच्यातून नवं नृत्यसंगीत निघालं तेव्हा ती संग्राहकांची लाडकी झाली. शिकागोच्या पाच वर्षं आधी आपल्या एका वादकाने तिच्या साथीने राग वाजवले होते, हे जगाला कळलं २०१०मध्ये तबकडी पुन्हा निघाल्यावर. चरणजितसिंग २०१५मध्ये गेले.

आता कोकणात अशी जुनी बास ठेवायची तर काय? आमच्या बाजूला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. लाकडी वाद्याला पन्नास टक्क्यांच्या आसपासची आर्द्रता मानवते; आषाढात इथली हवा नव्वदीच्या पुढे जाते. चार तारांचा मिळून सत्तर-ऐंशी किलोचा ताण दांडीवर कायम असतो, त्यात लाकूड फुगलं की दांडी वाकते. तिच्या पोटात लोखंडी सळी असते, ती पिळून दांडी सरळ करता येते, पण सळीच गंजली तर उपाय उरत नाही. पेटीच्या आतल्या मखमलीला बुरशी येते, स्क्रू गंजतात, आणि पेटीत जपून ठेवलेली मूळ पावती कसर खाते. गवसणीत गुंडाळून तंबोरा कोपऱ्यात उभा करायची आपली सवय या वाद्याला चालत नाही. सिलिका जेलच्या पुड्या पेटीत ठेवाव्यात, आठवड्यातून एकदा वाद्य बाहेर काढून वाजवावं, तारा कोरड्या फडक्याने पुसाव्यात. चुलीवरचा माळा कोरडा असतो म्हणून तिथे ठेवू नये. धूर आणि ऊब लॅकरला मारक. सगळ्यांत उत्तम उपाय म्हणजे वाजवत राहणं.

संग्रह म्हणजे श्रीमंतांचा खेळ, असं म्हणून हा विषय बाजूला सारू नये. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात वाद्यांचं दालन आहे ते एका माणसाच्या वेडातून. लोकांना अडगळ वाटणाऱ्या वस्तू दिनकर केळकर दारोदार फिरून गोळा करत होते. आपल्या १९७२च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांची अट आहे. त्या हिशेबाने जगातली पहिली प्रिसिजन बाससुद्धा २०५१पर्यंत पुरावस्तू होणार नाही. तोवर मुंबईच्या चाळी पाडून मनोरे उभे राहिलेले असतील आणि माळ्यांवरच्या लांब काळ्या पेट्या भंगारवाल्याकडे गेलेल्या असतील.

म्हणून दिवाळीच्या साफसफाईत धोबीतलाव, गिरगाव, वांद्रे, किंवा इकडे गावाकडच्या घरात अशी पेटी निघाली, तर काही पुसू नका, रंगवू नका, मोडके स्क्रूसुद्धा फेकू नका. आधी फोटो काढा. वाजवणारा घरात हयात असेल तर त्याच्याजवळ बसा, हे वाद्य कुठून आलं, कोणत्या स्टुडिओत गेलं, कोणत्या गाण्यात वाजलं ते विचारा, आणि तारखेसकट कागदावर लिहून तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्याच पेटीत ठेवा.