शेवटची चाल कधी वाढवायची?

मैत्रिणींनो, दिवाळी आली की घरोघरी पत्त्यांचे डाव रंगतात. आपल्या बायकांचं पाच-तीन-दोन नाहीतर बदाम सात, पुरुषांच्या कोंडाळ्यात तीन पत्ती. गेल्या काही वर्षांत मोबाइलवरून पोकरही आपल्याकडे पोचला. बचत गटांच्या कामासाठी मी शिरूर आणि दौंड तालुक्यांत फिरते. रांजणगाव, कुरकुंभच्या कारखान्यांतला पगार घरी पोचण्याआधीच संपतो, असं बायका दबक्या आवाजात सांगतात. "ताई, ते म्हणतात हा नशिबाचा नाही, डोक्याचा खेळ आहे," असं एकजण म्हणाली. मग म्हटलं, बघूया तरी यात डोकं कुठं लागतं!

पोकरच्या नेहमीच्या प्रकारात प्रत्येकाला दोन पानं मिळतात आणि मध्ये सगळ्यांची मिळून पाच उघडतात. पाचवं पान उघडलं की पैसे लावायची शेवटची फेरी. आता नवं पान येणार नाही, म्हणजे आशेलाही जागा नाही. मग रक्कम वाढवायची कधी? आपली पानं चांगली आहेत एवढं पुरत नाही. आपल्यापेक्षा हलकी पानं असलेलाही पैसे भरेल, असं वाटलं तरच वाढवायची.

समजा, आपल्याकडे एक्क्यांची जोडी आहे, पण मध्ये चार बदाम उघडे पडलेत आणि आपल्याकडे बदाम एकही नाही. आपण रक्कम वाढवली, तर हलक्या पानांचा माणूस डाव सोडेल. बदामवाला मात्र हसत हसत पैसे भरेल. जिंकलो तर जास्त काही मिळणार नाही, हरलो तर जास्त जाणार. तिथं गप्प बसणंच शहाणपणाचं.

नुसती थाप मारायची तरी हिशेब असतो. डावात शंभर रुपये जमलेत आणि आपण पन्नास लावले, तर तीनदा थाप मारल्यावर एकदा तरी समोरच्यानं पानं टाकायला हवीत. तेव्हा कुठं बरोबरी होते.

तीन पत्तीत तीन पानांचे २२,१०० संच होतात. त्यातल्या १६,४४० संचांत जोडी, कलर, सिक्वेन्स यातलं काहीच नसतं. म्हणजे चारांतले जवळपास तीन हात रिकामेच! तरी चाल वाढत जाते. का? "एवढे घातलेत, आता मागं कसं फिरू?" पण डावात टाकलेला पैसा आपला राहतच नाही. विचार करायचा तो पुढच्या रुपयाचा. हे ज्याला कळतं, तो न कळणाऱ्याच्या खिशावर जगतो. वर पैशाचा डाव भरवणारा आपला वाटा काढतो तो वेगळाच.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. पण कायद्यानं मागचं कर्ज फिटत नाही. "एकदाच दे, सगळं भरून काढतो," म्हणत डोरलं मागितलं जातं, गटाचं कर्ज काढायला लावलं जातं. बायांनो, हीसुद्धा शेवटची चालच, फक्त पैसा आपला! तेव्हा ठाम नाही म्हणा. कुणाचे किती देणं आहे, ते दोघांनी बसून वहीत लिहा आणि पगारातून फेडायचा हप्ता ठरवा. खेळाचं वेड सुटतच नसेल, तर टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मोफत बोलता येतं, मराठीतही. त्यात लाज कसली?